लाल टिपऱ्यांचा जोड

तेलुगू मुलखातल्या आमच्या इचोड्यातली निम्मी माणसं उत्तमकाकांना हातांवरून ओळखू यायची. नवरात्रात दिवेलागणीला ते देवीच्या देवळासमोर पाटावर बसायचे आणि पुढ्यात दोन टोपल्या घ्यायचे. एकीत लाल टिपऱ्या, दुसरीत पिवळ्या. लाल बायकांना, पिवळ्या पुरुषांना. समोर हात आला की त्यात एक जोड ठेवायचा, की लगेच पुढचा हात. मान वर करायला सवड नसायची. बांगड्या, घड्याळ, बोटांना लागलेलं ग्रीस, मनगटावरचं गोंदण एवढ्यावर ते माणूस ओळखायचे आणि खाली बघूनच विचारायचे, "काय गा दिनकर, एकटाच आला? भांडन झालं का घरी?" दिनकरचं घरी खरोखरच भांडण झालेलं असायचं.

दोन्ही टोपल्यांत सुरुवातीला जोड सारखेच असत. कोणती टोपली आधी तळाला जाते ते पाहिलं की बायका जास्त की पुरुष हे त्यांना कळायचं. कागद-पेन्सिल कधी लागली नाही. टिपऱ्या त्यांनी स्वतःच धावड्याच्या लाकडाच्या तासलेल्या, रंगही स्वतःच दिलेला. त्या लाल रंगाचे ठिपके त्यांच्या एका पांढऱ्या सदऱ्यावर वर्षानुवर्षं होते आणि तो सदरा ते लग्नाकार्यालाही घालायचे.

आमच्या टिपऱ्यांची दोन रिंगणं असतात. बाहेरच्या रिंगणात बायका, आतल्यात पुरुष, तोंडं समोरासमोर. चार ठोके समोरच्याशी वाजवायचे, एक पाऊल सरकायचं, की पुढ्यात नवा माणूस. नवरा-बायको, सासरा-सून, शिक्षक-विद्यार्थी, सगळे फिरत फिरत एकमेकांसमोर येतात. पण आत एक जरी कमी पडला, की बाहेरच्या प्रत्येक बाईच्या वाट्याला फेरीत एकदा रिकामी जागा येते. टिपरी उचलायची आणि हवेत मारायची. उत्तमकाकांना हे बघवायचं नाही.

"पाहुना दारात आला अन् घरच्यानं कडी नाई काढली, तसं हाय थे," ते म्हणायचे.

माझं नाव मंदा. देवळाच्या भिंतीला लागून आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पूर्वी बाबा बसायचे, आता मी बसते. काकांचं घर समोरच, दार आमच्या गल्ल्यावरून दिसतं. त्यांची बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेली. मूलबाळ नव्हतं आणि दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. नेरडीगोंड्याच्या रस्त्याला त्यांची दोन एकराची वाडी होती. तिथं ते भाजी लावायचे, आणि पावसाळ्यात काटवल. पुण्याकडे ज्याला करटुली म्हणतात तेच. काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. नराला फळ धरत नाही, पण तो नसेल तर मादीलाही धरत नाही. एकदा त्यांच्या वाडीत निंदायला आलेल्या बाईनं फळ नाही म्हणून चारही नर वेल उपटून बांधावर टाकले. त्या वर्षी वाडी नुसतीच हिरवीगार दिसली, भाजी मूठभरसुद्धा निघाली नाही. काका तिला रागावले नाहीत. फक्त पुढची दहा वर्षं ज्याला त्याला ती गोष्ट सांगत राहिले.

"धा मादीले एक नर पुरते वाडीत," ते मला समजावून सांगायचे. "टिपऱ्यात तसं नाई चालत. टिपऱ्यात एकाले एक पायजे."

हे एकाला एक जमवायला ते काय काय करायचे! माणूस कमी पडला की हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन तिथला आचारी उचलून आणायचे, तव्यावरची पोळी तव्यावरच. पंक्चरवाल्या यादगिरीला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण त्याच्याइतका ठोक्याला पक्का गडी आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. बायका कमी पडल्या की मात्र पंचाईत व्हायची. एका वर्षी गल्लीतलं एक मोठं बिऱ्हाड साखरपुड्याला वांकिडीला गेलं आणि बाहेरच्या रिंगणात एक जागा रिकामी राहिली. काकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली, त्यात बांबू रोवला, बांबूला लाल ओढणी गुंडाळली आणि डबा रिंगणात ठेवला. प्रत्येक फेरीला कुणीतरी त्याला एक पाऊल पुढं सरकवायचं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं वहिनी.

नेमके त्या दिवशी तहसीलचे गिरदावरसाहेब, म्हणजे महसुलाचे अधिकारी, पाहुणे म्हणून आले होते. चष्मा घरी विसरलेले. लोकांनी आग्रह करून त्यांना आतल्या एकाच्या जागी उभं केलं. फिरत फिरत ते वहिनीसमोर आले, टिपरी जरा जोरात बसली आणि वहिनी आडवी झाली. साहेब घाबरून दोन पावलं मागे सरले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करना बहनजी, लगी तो नहीं?" त्या दिवशी पुढं टिपऱ्या झाल्याच नाहीत. ढोलकीवाला हसून हसून देवळाच्या पायरीवर लोळत होता. काका तेवढे गंभीर होते. त्यांनी बांबू उभा केला, ओढणी झटकली आणि विचारलं, "साहेब, खेळता ना पुढं? तुमी गेले तं ते एकटी पडते."

असा माणूस. त्यानं कुणाला रिंगणाच्या बाहेर ठेवलं असेल हे नवीन माणसाला सांगूनही पटत नाही. पण ठेवलं, आणि त्यात माझाही हात होता.

शांताआत्या काकांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्यानं चंद्रपूरकडे दुसरं घर केलं आणि एका उन्हाळ्यात ती एक पेटी घेऊन भावाच्या दारात उतरली. काकांनी पेटी आत नेली आणि कुणाला एक अक्षर बोलू दिलं नाही. आत्या माहेरी असताना गल्लीत तिच्यासारखं टिपरी खेळणारं कुणी नव्हतं, असं माझी आई सांगायची. आल्यावर तिनं भावाचं घर हातात घेतलं. चुलीला पोतेरं लागलं, अंगणात तुळस आली, काकांच्या सदऱ्याला सगळी बटणं आली. टिपऱ्यांचे लाल ठिपके मात्र तिच्यानंही निघाले नाहीत. नवरात्र जवळ आलं तेव्हा तिनं भावाला दोनदा विचारलं, "दादा, यंदा ढोलकीवर कोन हाय?" तिला यायचं होतं. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्याच वर्षी गल्लीत पाटी लागली.

हायवे मोठा झाल्यापासून ढाब्यावरचे, लॉजवरचे, कुठले कुठले पुरुष टिपऱ्यांना घुसायला लागले होते. पिवळी टोपली पहिल्या दहा मिनिटांत रिकामी व्हायची आणि लाल तशीच भरलेली. नुसते बघे पुरुषच बघे. आदल्या वर्षी कुणीतरी एका पोरीची ओढणी ओढली आणि बापांनी मुली पाठवणं बंद केलं. मग मंडळाची बैठक बसली आणि ठरलं, जोडीनं येईल त्यालाच टिपऱ्या. भाऊ-बहीण या, नवरा-बायको या, बाप-लेक या, पण एक बाई आणि एक पुरुष असं मिळून या. काकांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझं अक्षर गल्लीत नावाजलेलं. पाटी मी रंगवली. मराठी, तेलुगू, हिंदी, तिन्ही भाषांत, खाली वेलबुट्टी काढून. 'जोडीशिवाय प्रवेश नाही.' तीन दिवस खपले होते मी त्या पाटीवर. पहिल्या माळेला ती देवळाच्या खांबाला टांगली आणि मी मुद्दाम तिच्याजवळ उभी राहिले, कुणी अक्षराचं कौतुक केलं तर ऐकू यावं म्हणून.

युक्ती चालली. बायका आल्या, मुली आल्या, चांगली मोठी रांग लागली. काका खाली मान घालून दोन दोन हातांत जोड ठेवत होते आणि प्रत्येकाला एकच शब्द विचारत होते, "जोडी?" मागचा हात पुढं यायचा, "ही काय," की दोन्ही टोपल्यांतून एक एक जोड. काकांची लय लागली होती.

एक हात आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर तुळशीचं गोंदण. काकांनी लाल जोड त्यात ठेवला आणि विचारलं, "जोडी?"

हात तसाच राहिला. दुसरा हात आला नाही.

"जोडी कोन हाय, बाई?" काका पुन्हा म्हणाले आणि मग त्यांनी मान वर केली. समोर शांताआत्या होती. चॉकलेटी काठाची साडी, केसात शेवंती. मागे पंचवीस-तीस माणसांची रांग, वर माझी पाटी.

आजही मला वाटतं, तेव्हा ते नुसते हसले असते तरी निभावलं असतं. पण माणूस गडबडला की तोंडातून नेमकं नको ते निघतं. काका म्हणाले, "थांब जराशी, शांते. बाजूले उभी राह्य. एखादा सुटा गडी आला का लावतो तुही जोडी."

रांगेत मागं कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल, पण हसलं. आत्यानं लाल जोड टोपलीत परत ठेवला, फेकला नाही, नीट दुसऱ्या टिपऱ्यांच्या रेषेत ठेवला. "राहू दे, दादा," ती म्हणाली. "तुहा मेळ बसू दे." आणि पदर सावरून समोरच्या घरात निघून गेली. थोड्या वेळानं तिच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

त्या दिवशी दोन्ही टोपल्या एकदमच तळाला गेल्या. लाल टोपलीत एक जोड उरला, आणि पिवळ्या टोपलीतही एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाटी काखेत मारून आमच्या दुकानात आले. "पुस हे," म्हणाले. मला राग आला. तीन भाषा, वेलबुट्टी, आणि पुस? मी म्हटलं, "काका, एवढी छान चाललीय तर. काल कसे बरोबर जमले सगळे."

काका गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले. आपल्या हातांकडे बघत बोलले.

"काल मी समद्याइले मोजलं, मंदे. मलेच नाई मोजलं. मी बी तं सुटाच होतो ना? उठाचं होतं अन् म्हनाचं होतं, हे काय मी हाय तुही जोडी, चाल. भाऊच तं हाय मी तिचा. पाटीत बसत होतं थे. पन मले सुचलंच नाई."

मी घासलेट आणून पाटी पुसली. पूर्ण गेली नाही. अजून तिरपी धरली की तेलुगूची ओळ दिसते.

त्या संध्याकाळी घरातून निघताना काकांनी दारात उभं राहून विचारलं, "शांते, पाटी काढली. येतं का?" आतून आवाज आला, "भाकरी टाकायच्या हायत." आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून अठरा वर्षं हे चाललं. नवरात्राच्या प्रत्येक दिवशी दिवेलागणीला दारात तोच प्रश्न आणि आतून तेच उत्तर. आम्हाला गल्ल्यावर ते ऐकू यायचं. आधी अंगावर यायचं, मग सवय झाली. माफी मागायला आमच्याकडच्या पुरुषांना कुणी शिकवलेलं नाही. ते आपले दर वर्षी तेच आमंत्रण देत राहतात आणि समोरच्यानं त्यातच काय ते समजून घ्यावं असं त्यांना वाटतं. आत्याला समजत नव्हतं असंही नाही. ती त्यांचं सगळं करायची. त्यांना ताप आला की उशाशी बसायची. काटवलाची पहिली भाजी त्यांच्या ताटात वाढायची. फक्त उंबरा ओलांडून देवळासमोर यायची नाही.

काकांनी पाटी काढली आणि नवा नियम केला. कुणालाही परत पाठवायचं नाही, एकटा येवो की दुकटा. बघ्या टोळक्यांना आवरायला यादगिरीला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, ते काम त्यानं नुसतं उभं राहूनच केलं. आणि बाई कमी पडली की काका स्वतः लाल ओढणी खांद्यावर टाकून बायकांच्या रिंगणात उभे राहायचे. पांढऱ्या मिशा, धोतर आणि लाल ओढणी. शाळेत तेलुगूत सम-विषम शिकलेली पोरं त्यांना 'बेसी तात' म्हणायची, म्हणजे विषम आकड्याचे आजोबा. काका ओ द्यायचे. पण टोपलीत वर ठेवलेला एक लाल जोड ते कुणाला घेऊ द्यायचे नाहीत. रिंगणात बाई असो नसो, तो जोड तसाच. नवी सून एखादी अजाणता हात घालायची, तर ते तिचा हात हळूच बाजूला करायचे. "थो राहू दे, बाई. त्याचं मानूस याचं हाय."

एकदा मी पाणी प्यायला त्यांच्या घरात गेले. बाहेर टिपऱ्या रंगात होत्या. आत्या चुलीपुढं बसली होती. मला म्हणाली, "तिकडे देवळाच्या अंगाले कोनी नवीन हाय का व? एक टिपरी उशिरा पडून राह्यली." मी जाऊन पाहिलं तर खरंच, दिनकरची नवी सून होती, अर्ध्या ठोक्यानं मागं. म्हणजे आत्या रोज ऐकत होती. भाकरी थापता थापता सगळं रिंगण तिला दिसत होतं. मी हे काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ढोलकीवाल्याची जागा बदलून आपल्या घराच्या खिडकीकडे केली.

मग आत्याला दम्यानं धरलं. डॉक्टरांनी चुलीचा धूर बंद केला. घरात गॅस आला, तरी ती दोन भाकरी थापून धापा टाकायची. नवरात्राच्या महिनाभर आधी मी पाहिलं तर काका ओट्याशी उभे, परातीत ज्वारीचं पीठ आणि कोपरापर्यंत हात भरलेले. सत्तरीच्या पुढं गेलेला माणूस भाकर शिकत होता. पहिल्या आठवड्यात जे काही व्हायचं त्याला भाकर म्हणणं धाडसाचं होतं. आत्या खाटेवरून सांगायची, "पानी जास्त झालं. हाताले पीठ लाव." काका निमूट ऐकायचे. पंधरा दिवसांत त्यांची भाकर फुगायला लागली.

मला वाटलं, बहिणीच्या आजारपणासाठी. पहिल्या माळेला कळलं कशासाठी ते. टोपल्या न्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. दिवस अजून मावळायचा होता. काकांनी धुतलेला, ठिपक्यांचा सदरा घातला होता. दुरडीत चार भाकरी फडक्याखाली झाकलेल्या. ते खाटेपाशी गेले, तो लाल जोड हातात धरून.

"शांते, भाकरी टाकून झाल्या," ते म्हणाले. "समद्या झाल्या. आता येतं का?"

आत्यानं दुरडीकडे पाहिलं. मग टिपऱ्यांकडे. तिचे डोळे भरले, पण आवाज साधाच होता, कांद्याचा भाव विचारावा तसा.

"दादा, ह्या भाकरी तू तवाच काऊन नाई टाकल्या?"

काका तिथंच खाटेच्या कडेला बसले. मी टोपल्या उचलायच्या विसरले. बाहेर ढोलकी लागली. आत्याच त्यांना म्हणाली, "जाय आता. लोकं वाट पाहून राह्यले." तिनं तो जोड त्यांच्या हातून घेतला, क्षणभर एकमेकींवर हलकेच वाजवला आणि उशाशी ठेवला. उठली नाही. तिला तेव्हा उठवत नव्हतंच, हे मला नंतर समजलं. पौषात ती गेली.

पुढच्या नवरात्रात आमचं रिंगण फारच लहान झालं. हायवेवरच्या नव्या हॉलमध्ये मोठे स्पीकर लावून दांडिया असतो, गल्लीतली तरुण मंडळी तिकडे जातात. तिथं जोडीचा पास लागतो म्हणे.

पहिल्या माळेला काका आले नाहीत. टोपल्या त्यांनी सकाळीच आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या होत्या. मी वाटप केलं. माझ्यासकट बायका सात, पुरुष सहा. एक कमी. यादगिरीही आता राहिला नव्हता. मी पिवळा जोड घेतला आणि समोर गेले.

दार उघडं होतं. काका ओट्याशी उभे होते, पाठमोरे. तव्यावर एक भाकर, परातीत आणखी पीठ. एकट्या माणसाला लागतं त्याच्या दुप्पट होतं ते. फळीवर मिठाच्या बरणीशेजारी लाल जोड ठेवला होता.

"काका, एक गडी कमी पडतोय. चला ना," मी म्हटलं आणि पिवळा जोड पुढं केला.

त्यांनी वळून माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. हात ओळखला आणि पुन्हा तव्याकडे वळले.

"तू जाय, मंदे," ते म्हणाले. "मले भाकरी टाकायच्या हायत."

मी थोडी थांबले. त्यांनी भाकर उलटली, फडक्यानं कडा दाबली, ती फुगली. मग मी परत आले. उन्हाळ्यात काका गेले; पण माझ्या डोळ्यांपुढं ते तसेच आहेत, ओट्याशी, पाठीवर लाल ठिपके.

त्या दिवशी आम्ही तेरा जण खेळलो. बांबू रोवायचं कुणाच्या मनात आलं नाही. दर फेरीला एकदा माझ्यासमोर रिकामी जागा यायची, मी टिपरी उचलायची आणि समोरच्या उजेड असलेल्या खिडकीकडे बघत ठोका हवेत मारायची.